‘कुठपर्यंत खेळला?’

गेल्या महिन्यात वर्ग सुटल्यावर आम्ही चार-पाच पालक चहाचे कप हातात घेऊन उभे होतो. मुलं बाहेर गाड्यांपाशी हुंदडत होती. क्रिकेटचा विषय निघाला (आपल्याकडे तो निघायला वेळ लागत नाही) आणि मी पद्माकर शिवलकरांचं नाव काढलं. ३ मार्च २०२५ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी ते गेले, तेव्हापासून त्यांच्याबद्दल लिहावं असं मनात होतं. एक काका हळहळले, “बिचारा! देशाकडून खेळायचं राहूनच गेलं.” सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

घरी जाताना मागच्या सीटवरून चिरंजीवांनी विचारलं, “बाबा, बिचारा का? तुम्हीच म्हणालात ना, ५८९ विकेट काढल्या म्हणून?”

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

मुलांनो, शिवलकर हे मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज. जन्म १४ सप्टेंबर १९४० चा. सगळे त्यांना पॅडी म्हणत. त्यांचा क्लब म्हणजे दादरचा शिवाजी पार्क जिमखाना. माझे बाबा दादरचेच. पावसाळ्यात रविवारी सकाळी ते छत्री घेऊन पार्काच्या कट्ट्यावर जाऊन बसत आणि दुपारी पँट गुडघ्यापर्यंत भिजवून परत येत. त्यांच्या तोंडून मी पॅडींच्या गोष्टी ऐकल्या आहेत. प्रत्यक्ष खेळताना मी त्यांना पाहिलेलं नाही, हे आधीच कबूल करतो.

पावसाळ्यात क्रिकेट कसं, असं तुम्हाला वाटेल. इथे ऑकलंडमध्ये चार थेंब पडले की सकाळी सात वाजता मॅच रद्द झाल्याचा निरोप येतो. मुंबईत मात्र १९४८ पासून खास पावसाळ्यातली स्पर्धा आहे, कांगा लीग. न झाकलेल्या ओल्या खेळपट्ट्या, घोट्यापर्यंत गवत, आणि आझाद मैदानावर तर एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाच्या शेजारी उभा. तिथे कसोटी खेळलेला फलंदाज आणि बँकेतला कारकून एकाच चिखलात उभे राहत. शिवलकरांचा चेंडू अशा खेळपट्टीवर काय करत असेल याची कल्पनाच केलेली बरी. बाबा म्हणत, समोरचा संघ टॉस हरला की अर्धे लोक घरी फोन करून सांगत, जेवायला येतो म्हणून.

क्लबच्या वरची पायरी म्हणजे मुंबईचा संघ. आपल्या आजच्या चर्चेत ही पायरी फार पटकन ओलांडली जाते, म्हणून मी इथे थोडा थांबतो. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षं मुंबईनं रणजी करंडक जिंकला. पंधरा! त्या संघात जागा मिळणं हेच आयुष्यभर सांगण्यासारखं होतं आणि शिवलकर त्या संघाचे हुकमी गोलंदाज होते. रणजी स्पर्धेत त्यांनी ३६१ बळी घेतले. प्रथम श्रेणीचे एकूण सामने १२४, बळी ५८९, सरासरी १९.६९. म्हणजे एका बळीमागे वीस धावासुद्धा नाहीत. डावात पाच किंवा अधिक बळी ४२ वेळा, सामन्यात दहा किंवा अधिक १३ वेळा.

त्या पंधरापैकी शेवटच्या वर्षाचा अंतिम सामना मद्रासला, चेपॉकवर झाला. प्रतिस्पर्धी तामिळनाडू. खेळपट्टी अशी की पहिल्या दिवसापासून चेंडू हातभर वळत होता. तामिळनाडूकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार होते, म्हणजे सापळा खरं तर मुंबईसाठी लावलेला! मुंबई १५१ आणि ११३. तामिळनाडू ८० आणि ६१. शिवलकरांची कामगिरी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५. बेरीज करून पाहा, मुलांनो : ३४ धावांत १३ बळी. सामना दोन दिवस आणि एक चेंडू एवढ्यात आटोपला.

मग देशाकडून का नाही? याचं उत्तर एका माणसाच्या नावात आहे : बिशनसिंग बेदी. बेदीही डावखुरे फिरकी गोलंदाज, शिवलकरांपेक्षा सहा वर्षांनी लहान. १९६६ च्या शेवटच्या दिवशी ते पहिली कसोटी खेळले आणि १९७९ पर्यंत ६७ कसोटींत २६६ बळी घेऊन गेले. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, मला हे एका साध्या नियमासारखं दिसतं : संघात डावखुऱ्या फिरकीची जागा एकच. १९६७ साली बर्मिंगहॅमला भारतानं चार-चार फिरकी गोलंदाज एकाच कसोटीत खेळवले, पण त्या चौघांतही डावखुरा एकटा बेदीच होता. आणि शिवलकर रांगेत एकटे नव्हते. हरियाणाचे राजिंदर गोयल होते, रणजीत ६३७ बळी घेणारे. १९७४ साली शिस्तीच्या कारणावरून बेदींना बंगलोर कसोटीतून वगळलं, तेव्हा बोलावणं आलं ते गोयल यांना. सामन्याच्या दिवशी त्यांनाही अकरांत घेतलं नाही.

हा अन्याय होता का? माझ्या मते काही अंशी होता. एकाच पद्धतीचे दोन गोलंदाज एकत्र चालत नाहीत, हा निवड समितीचा हिशेब मला कधी पटला नाही. पण बेदी कमी दर्जाचे होते असं म्हणणं हा त्याहून मोठा अन्याय ठरेल. सुनील गावसकरांनी आपल्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात जगभरच्या नामवंतांच्या पंगतीत गोयल आणि शिवलकर यांना बसवलं. कर्णधार असताना या दोघांना संघात घेण्यासाठी निवड समितीचं मन वळवता आलं नाही, ही खंतही त्यांनी बोलून दाखवली आहे. २०१७ साली क्रिकेट मंडळानं दोघांना मिळून सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. उशिरा, पण दिला.

मात्र मला खटकते ती त्यानंतर आपली गोष्ट सांगण्याची पद्धत. सव्वीस वर्षांची कारकीर्द (पहिला प्रथम श्रेणी सामना १९६१-६२ चा, आणि १९८७-८८ मध्ये, ४७ व्या वर्षी, पुन्हा रणजीसाठी मैदानात!) आपण एका वाक्यात गुंडाळतो, आणि ते वाक्य न घडलेल्या गोष्टीबद्दल असतं. जे घडलं त्याचं काय?

माझ्या कार्यालयात एक आयरिश सहकारी आहे. त्यांच्याकडे हर्लिंग नावाचा खेळ आहे. लाकडी काठी आणि छोटा कडक चेंडू घेऊन खेळतात. हॉकीपेक्षा कितीतरी दांडगा, कारण चेंडू हवेतल्या हवेत, डोक्याच्या उंचीवर मारतात. तिथे माणूस आपल्या गावच्या क्लबकडून खेळतो आणि फार चांगला असला तर आपल्या कौंटीकडून, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याकडून. बस्स! त्याच्यावर पायरीच नाही. खेळाचे पैसे मिळत नाहीत. किल्केनी कौंटीचा हेन्री शेफ्लिन हा त्यांचा मोठा खेळाडू. त्यानं अखिल आयर्लंड अजिंक्यपदाची दहा पदकं मिळवली, डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऐंशी हजार माणसांसमोर खेळला, आणि नोकरी बँकेत. त्याचा बॅलिहेल शॅमरॉक्स हा क्लब एका छोट्या गावचा.

मी सहकाऱ्याला आपला नेहमीचा प्रश्न विचारला, “देशाकडून नाही का खेळला?” त्याला प्रश्नच कळला नाही. त्याच्या हिशेबी किल्केनीकडून खेळणं यापेक्षा वर काही असूच शकत नव्हतं.

शिवलकरांची आणि शेफ्लिनची कारकीर्द शेजारी ठेवून पाहा. क्लब, मग जिल्हा किंवा प्रांत, आपल्या गल्लीतली माणसं बघायला आलेली, ओळीनं अजिंक्यपदं. एकाला आपण बिचारा म्हणतो, दुसऱ्याचा त्याचे लोक अभिमान बाळगतात. माझ्या मते फरक त्यांच्या खेळात नाही. वर आणखी एक पायरी काढून ठेवली आहे की नाही, एवढाच तो आहे.

लगेच कोणी एजाझ पटेलचं नाव घेईल, म्हणून मीच घेतो. मुंबईत जन्मलेला, आठव्या वर्षी ऑकलंडला आलेला आपल्या मुलांसारखाच मुलगा. तोही डावखुरा फिरकी गोलंदाज. सेंट्रल डिस्ट्रिक्ट्स या प्रांताकडून खेळताना ओळीनं तीन मोसम प्लंकेट शील्डमध्ये सर्वाधिक बळी घेतले, तरी न्यूझीलंडच्या संघात आला तो २०१८ मध्ये, तिशीत. डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर एका डावात दहाच्या दहा बळी घेतले, आणि लगेच पुढच्या, घरच्या मालिकेसाठी त्याला संघात घेतलं नाही! किंवा अमोल मुझुमदार. मुंबईकडून पहिल्याच सामन्यात २६० धावा, पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा आणि भारताकडून एकही सामना नाही. तेच मुझुमदार २ नोव्हेंबर २०२५ रोजी विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक होते. या गोष्टी मुलांना जरूर सांगाव्यात. पण ‘बघ, शेवटी फळ मिळालंच’ असं त्यांना शेपूट जोडू नये. एजाझला २०१८ मध्ये बोलावणं आलं नसतं तर ते तीन मोसम फुकट गेले असते का? नेपियर आणि नेल्सनच्या मैदानांवर त्यानं बाद केलेले फलंदाज बादच राहिले असते.

आता घरची गोष्ट. यंदा आमच्या चिरंजीवांची त्याच्या वयोगटाच्या निवड संघात वर्णी लागली नाही. चाचणीला दोन दिवस गेला, ई-मेल आला, यादीत नाव नव्हतं. मी त्या रात्री जेवणाच्या टेबलावर म्हणालो, मग आता क्लब सोडू या, शनिवार सकाळ गणिताला देऊ. मला वाटलं मी समजूतदारपणे बोलतोय. तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, “पण शनिवारी मॅच आहे. मी नसलो तर आमच्याकडे ऑफ-स्पिनर कोण?”

मला लाज वाटली. माझ्या डोक्यात क्लब ही वर जायची शिडी होती. त्याच्या डोक्यात तो त्याचा संघ होता.

हे मी चहाच्या टेबलाशी सांगितलं, तेव्हा वर्गातल्या एका आईनं जे विचारलं तेही लिहायला हवं. त्या म्हणाल्या, “छंद म्हणून ठीक आहे. पण आठवड्याचे तीन दिवस, फी, बॅट, पॅड, पेट्रोल. पुढे काही होणार नसेल तर एवढं कशासाठी? एनसीईएच्या परीक्षा कोण देणार?” हा मुद्दा खोटा नाही. खर्च आम्हालाही जाणवतो, आणि बोटनीहून संध्याकाळच्या वाहतुकीत सरावाला पोचणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. दिवस तीनचे दोन करावे लागले तर करावेत. शिवलकरांच्या पिढीचे मुंबईचे खेळाडूही कंपनीत, बँकेत नोकऱ्या करूनच खेळत होते. कार्यालयांच्या संघांची टाइम्स शील्ड ही स्पर्धा त्यातूनच नावारूपाला आली. माझा आक्षेप फक्त ‘पुढे काही होणार नसेल तर’ या शब्दांना आहे. बाबांची पावसातली रविवार सकाळ, ती भिजलेली पँट, पन्नास वर्षांनी त्यांच्या नातवापर्यंत पोचलेला चेंडूचा वळसा, हे काहीतरी झालंच की.

म्हणून एक सूचना करतो. आपल्या वार्षिक स्नेहसंमेलनात गुणगौरव असतो. त्यात खेळासाठी मंचावर बोलावतात ते ऑकलंडच्या किंवा त्यावरच्या संघात निवड झालेल्या मुलांनाच. गेल्या वर्षी दोन मुलं वर गेली आणि बाकीची खाली बसून टाळ्या वाजवत होती. त्यातली काही गेली पाच वर्षं एकाच क्लबकडून, एकही मोसम न चुकवता खेळत आहेत : क्रिकेट, नेटबॉल, हॉकी, एकजण तर वॉटरपोलो. यंदापासून त्यांचंही नाव घ्यावं, क्लबाच्या नावासकट. प्रमाणपत्राची झेरॉक्स काढायला कितीसा खर्च येतो?

काहींना हे पटणार नाही, सगळ्यांनाच बोलावलं तर गुणगौरवाला अर्थ काय राहिला, असं ते म्हणतील. समितीची बैठक पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर आहे. मी मुद्दा मांडणार आहे. बाजूनं असो वा विरोधात, बोलायला जरूर या; चहा आहेच.