पूरवस्तीतून हवामान खात्याकडे

ऑगस्ट २०२४मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीनं ३५ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा नागरवाड्यात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच चौकशी होती: आजवा तलावातून पाणी किती सोडलं, काळा घोडा पुलाशी किती फूट? पुरात ज्यांचा संसार भिजतो, त्यांच्याच मुलामुलींनी पुढं हवामान खात्यात जाऊन पावसाचे अंदाज बांधावेत, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी हे मुद्दे.

१. दार अकरावीतच बंद होतं. हवामान खात्यातल्या वैज्ञानिक साहाय्यकाच्या २०२२च्या भरतीला पदवी किंवा ठरावीक पदविका लागत होतीच, शिवाय बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही हवेत, अशी अट होती. गुजरातेत सायन्सचा ‘बी ग्रुप’ घेतला की गणित सुटतं. ज्या घरात कॉलेजात कुणी गेलेलंच नाही, तिथं पंधरा वर्षांच्या पोरीला हे सांगणार कोण? ते काम आपलं. दहावीच्या सुट्टीतच घरोघरी जाऊन सांगायला हवं.

२. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांत पर्जन्यमापक बसवा. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे खात्याच्याच वेळेला, मुलांनी मोजपात्र सपाट जागी ठेवावं, डोळे पाण्याच्या रेषेत आणावेत, पाण्याचा पृष्ठभाग कडांशी वर चढलेला दिसतो तो सोडून मधला खोलगट तळ वाचावा आणि मिलिमीटर वहीत टिपावेत. पाऊस नसेल तर शून्य लिहायचं, जागा कोरी सोडायची नाही. मोजमाप चुकलं की अंदाज चुकतो, हे त्या वहीतूनच कळतं. वही मुलींच्या हाती आवर्जून द्या. ॲना मणी १९४८मध्ये पुण्याला हवामान खात्यात उपकरणांच्याच कामावर रुजू झाल्या आणि पुढं उपमहासंचालक झाल्या.

३. २०२२च्या त्या भरतीची परीक्षा इंग्रजी-हिंदीत होती. मराठी-गुजराती माध्यमाच्या मुलांसाठी आठवीपासून इंग्रजी संज्ञांचा वर्ग हवा.

४. राहण्याची सोय. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३मध्ये कोलंबियाला गेले. १९१७मध्ये नोकरीसाठी याच बडोद्यात आले, तर जातीपायी त्यांना राहायला जागा मिळेना. शहरानं हे विसरता कामा नये. पुण्यात पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत आज दलित, आदिवासी किंवा मुसलमान घरातलं पोर शिकायला निघालं, तर नुसती फी भरून भागणार नाही. तिथं खोली मिळवून देणारं, भाड्याची हमी घेणारं माणूस पाठीशी लागतं. गणेश मंडळांनी वर्गणीतला एक वाटा या भाड्यासाठी दरवर्षी बाजूला काढावा. पुण्यात नातेवाईक नसलेलं नागरवाड्यातलं मराठी घर विरळाच. त्या नातेवाइकांना आजच फोन करा.