साचा त्यांचा, गवा आमचा

राधानगरीत बसून मी पत्त्यांचा एक खेळ बनवतोय. विषय घरचाच. दाजीपूरचा गवा रात्री उसात शिरला, तर गावाने काय करायचं?

काम सोपं वाटलं होतं. कार्डं बनवायच्या सॉफ्टवेअरला एक्सेलची शीट जोडायची. एक ओळ, एक कार्ड. चूक सुधारायची तीही शीटमध्येच. पण पीडीएफ उघडली तर ‘शिरला’ची पहिली वेलांटी ‘श’च्या मागे जाऊन बसलेली! ती टाइप होते अक्षरानंतर, दिसायला हवी अक्षराआधी. तो क्रम लावणं सॉफ्टवेअरचं काम. सल्ला मिळाला, “मग इंग्रजीत कर ना.” का करू? ज्यांच्या उसात गवा शिरतो, तीच माणसं हा खेळ खेळणार आहेत.

तयार साचेही बघा. ६३ बाय ८८ मिलिमीटरचा उभा आयत, त्यावर ड्रॅगन नाहीतर जादूगार. इथून फोंडा घाट उतरून सावंतवाडीला जा. तिथली गंजिफा गोल, हाताने रंगवलेली. दशावतारी संचात १२० पानं : दहा अवतार, प्रत्येकाची बारा. पत्ता आयताकृतीच असतो, हे आपल्याला साच्यानेच शिकवलं.

सॉफ्टवेअर सोडा, असं मी म्हणत नाही. मीही फुकटच्या इंकस्केपमध्ये गोल पान आखलं. मराठी नीट उमटली. तुम्हीही आधी तुमचा खेळ ठरवा, मग सॉफ्टवेअर. आणि पैसे भरण्याआधी एकच शब्द टाकून पीडीएफ काढून बघा : ‘शिरला’.