पाया पाहून दोर ओढावा

पावसाळ्यात आजाऱ्यांना नेणारी आमच्या मिशनची जीप चिखलात रुते, म्हणून तिला विजेवरचा विंच बसविण्याचे ठरले. तो बंपरच्या पत्र्यावरच आवळावा, असे आम्हांस वाटले. मिस्त्रीने आम्हांस थांबविले. ओढीचा सारा भार गाडीच्या चासिसने पेलावयास हवा. यास्तव जाड पोलादी पाट चासिसलाच बोल्टांनी जखडावा. विंचची शक्ती भरल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट असावी, वीज बॅटरीतून जाड तारेने आणावी, पोलादी दोराचे निदान ५ वेढे रिळावर राखावेत. ताणलेला दोर तुटल्यास प्राण घेतो. म्हणून त्यावर घोंगडी टाकून सर्वांनी दूर राहावे. वाचकहो, वाळूवरील घराचा प्रभूचा दाखला आम्ही कितीदा ऐकला. त्याचा अर्थ त्या बंपरपाशी उमगला.