कंट्रोल सिस्टिममधली पीएचडी हाही आपलाच प्रश्न आहे

आपल्याकडे पीएचडी म्हटले की दलित साहित्य, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, समाजकार्य हेच विषय डोळ्यांपुढे येतात. एखाद्या कार्यकर्त्याने सांगितले की माझी पुतणी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये कंट्रोल सिस्टिम्सवर संशोधन करते, तर समोरचा ‘अरे वा’ म्हणतो आणि विषय बदलतो. याचा चळवळीशी काय संबंध, असे त्याला मनातून वाटत असते. संबंध आहे मित्रांनो, आणि तो जुना आहे.

ऑक्टोबर 1942 मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात शिक्षणाबद्दल त्यांनी केलेली मांडणी आज मुद्दाम वाचावी. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानातले प्रगत शिक्षण हवे आणि ते गरिबाच्या ऐपतीबाहेरचे असल्याने सरकारने पैसा दिला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. हे सांगणारा माणूस स्वतः अर्थशास्त्रज्ञ आणि बॅरिस्टर होता! पुढे 1946 पर्यंत मजूरमंत्री म्हणून पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड, दामोदर खोऱ्याची योजना ही त्याच काळातली कामे. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही, आणि औद्योगिकीकरणाशिवाय शेतीवरचा भार हलका होणार नाही, हा त्यांचा हिशेब होता. आपण जयंतीला या गोष्टी भाषणात सांगतो. पण आज तीच वीज ज्या शास्त्रावर चालते, त्याच्या प्रयोगशाळेत आपले किती जण आहेत हे विचारत नाही.

‘गणिताला जात नसते’ असे प्राध्यापक मंडळी सांगतात. फूरिए ट्रान्सफॉर्मला जात नाही, मान्य. पण ते कुणाच्या शरीरातून घेतलेल्या सिग्नलवर चालवायचे, हे माणूस ठरवतो. कोरोनाच्या काळात आशाताई घरोघर घेऊन फिरत होत्या तो ऑक्सिमीटर आठवा. बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश जातात, रक्त त्यातला किती शोषते यावरून ऑक्सिजनचा आकडा काढला जातो. हे सगळे सिग्नल प्रोसेसिंग आहे. डिसेंबर 2020 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा अभ्यास आला. यंत्र 92 ते 96 टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात 88 टक्क्यांहूनही कमी ऑक्सिजन असलेले रुग्ण गोऱ्यांमध्ये 3.6 टक्के होते, काळ्यांमध्ये 11.7 टक्के. त्वचेतले मेलॅनिनही प्रकाश शोषते, आणि यंत्राचे प्रमाणीकरण करताना काळ्या माणसांची बोटे पुरेशी वापरलीच नव्हती. कुणी मुद्दाम कट केला असेल असे नाही. त्या खोलीत ‘माझ्या बोटावर लावून बघा’ म्हणणारे कुणी नव्हते, एवढेच. आपल्या देशात तर सावळेपणा हाच नियम आहे.

आता गटार घ्या. 2013 च्या कायद्याने माणसाला सुरक्षेविना गटारात उतरवणे गुन्हा आहे, तरी माणसे मरतात, आणि ती कोणत्या जातींची असतात हे सांगायला नको. हायड्रोजन सल्फाइड ओळखणारे सेन्सर आहेत. पण दमट, घाण हवेत त्यांचे वाचन भरकटते आणि जमिनीखालून वायरलेस संदेश नीट वर येत नाही. खऱ्या धोक्याची घंटा आणि खोटी घंटा वेगळी करणे हा सिग्नल प्रोसेसिंगमधला चांगला तीन-चार वर्षांचा प्रश्न आहे. केरळमधल्या तरुण इंजिनिअरांनी ‘बँडिकूट’ हा मॅनहोल साफ करणारा रोबो बनवला, तो 2018 मध्ये कामाला लागला. म्हणजे अशक्य काही नाही, प्रश्न कुणाला महत्त्वाचा वाटतो एवढाच मुद्दा आहे.

मात्र इथे एक सापळा आहे. दलित विद्यार्थी आहे ना, मग गटारावरच संशोधन कर, असे कुणी म्हणू लागले तर तो नवा वर्णाश्रम होईल. आपल्या मुलीला नॉनलिनिअर सिस्टिमच्या स्थिरतेवर निव्वळ गणिती प्रमेये सिद्ध करायची असतील, तर तिने तीच करावीत. त्याचा ‘समाजाला उपयोग काय’ हा प्रश्न सवर्ण संशोधकाला कुणी विचारत नाही.

कंट्रोलच्या पुस्तकात पॉझिटिव्ह फीडबॅक या शब्दाचा अर्थ आपण समजतो तसा चांगला नसतो. बिघाडाचा परिणाम पुन्हा बिघाडच वाढवतो, त्याला तसे म्हणतात. उच्च तंत्रशिक्षणात हेच चालले आहे. आपले प्राध्यापक नाहीत म्हणून आपले गाइड नाहीत, गाइड नाहीत म्हणून पीएचडी कमी, पीएचडी कमी म्हणून मुलाखतीनंतर शेरा ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’. जागा पुन्हा रिकामी. 2015 ते 2019 या काळात आयआयटींनी पीएचडीला घेतलेल्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण 9 टक्क्यांच्या आसपास आणि जमातींचे 2 टक्क्यांच्या आसपास होते, हे सरकारनेच संसदेत सांगितले. घटनेने ठरवलेले प्रमाण 15 आणि 7.5 आहे, असे आपण सवयीने म्हणतो. खरे तर ही टक्केवारी शासकीय आदेशांतून आणि 2006 च्या कायद्यातून आली आहे, आणि म्हणूनच तिच्यावर सतत डोळा ठेवावा लागतो. 2018 मध्ये विभाग हे एकक धरणारा 13 बिंदूंचा रोस्टर आणून प्राध्यापकांच्या आरक्षित जागा कशा वितळवल्या जात होत्या ते आठवा. रस्त्यावर आलो म्हणून 2019 चा कायदा झाला.

पैशाचा मुद्दा वेगळाच. 2021 च्या तुकडीतल्या 861 संशोधकांना बार्टीच्या फेलोशिपसाठी आझाद मैदानावर बसावे लागले. साहित्याचा संशोधक निदान ग्रंथालयात बसून काम रेटू शकतो (त्याचेही हालच होतात), पण ज्याला डीएसपी बोर्ड, ऑसिलोस्कोप, मोटर ड्राइव्ह लागते त्याचे काम फेलोशिप थांबली की त्याच दिवशी थांबते. डिप्लोमातून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या आपल्या मुलांचे लिनिअर अल्जिब्रा कच्चे राहते, तिथेही हात द्यायला हवा. एनपीटीईएलची व्याख्याने फुकट आहेत, सायलॅब फुकट आहे. वसतिगृहातल्या अभ्यासिकेत एमपीएससीच्या टेबलाशेजारी गेटचे एक टेबल लावायला किती खर्च येतो?

आणि प्रत्येक जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी आपल्या भागातल्या अभियांत्रिकी संस्थेला माहितीच्या अधिकारात पाचच गोष्टी विचाराव्यात. गेल्या पाच वर्षांत पीएचडीला विभागनिहाय आणि प्रवर्गनिहाय अर्ज किती आले, मुलाखतीला किती बोलावले, प्रवेश किती दिले, मध्येच सोडून किती गेले, आणि आरक्षित प्रवर्गातले गाइड किती आहेत. ‘अशी माहिती संकलित केलेली नाही’ असे उत्तर आले, तर ते उत्तर जपून ठेवा आणि पहिले अपील 30 दिवसांच्या आत करा.