आकाशांतून पाहिलेला फड

बारामती-इंदापूरकडे ज्यांचें उंसाचें रान वाट्यानें लाविलेलें असून घरची मंडळी पुण्या-मुंबईस राहतात, अशा वाचकांसाठीं आजचे चार शब्द आहेत. शेताचीं रंगीत चित्रें आतां फोनवर येऊं लागलीं आहेत. तीं वाचावीं कशीं, हें जाणून घेणें बरें.

उपग्रहाच्या चित्रांस जमिनींतील ओल मोजणाऱ्या यंत्रांची जोड देऊन उंसाची वाढ जोखण्याचा प्रयोग बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट कंपनी यांच्या साह्यानें केला, आणि २०२४ सालीं तो शेतकऱ्यांपुढें मांडला. त्याचें बीज जुनें आहे. हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें, आणि तांबड्यापलीकडचा, आपल्या डोळ्यांस अगोचर असा प्रकाश परतवितें. पान खंगलें कीं हें परतविणें मंदावतें. १९७० च्या सुमारास डॉ. पिशारोटी यांनीं केरळांतील माडांच्या रोगाचा माग हेलिकॉप्टरमधून याच युक्तीनें काढिला होता.

उंसास याचा उपयोग विशेष. डोक्यावर गेलेल्या फडाच्या पोटांत काय चाललें आहे, हें बांधावरून कोणास दिसतें? वरून मात्र फिकट पडलेला कोपरा उठून दिसतो.

परंतु तणाच्या बाबतींत हें चित्र फसवितें. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रांतील एक ठिपका दहा मीटर लांब व तितकाच रुंद, म्हणजे जवळजवळ आपला एक गुंठा. त्या गुंठ्यांत ऊंस किती आणि हराळी किती, हें ठिपक्यावरून उमगत नाहीं, दोन्ही हिरवींच! (जी दूर्वा आपण गणपतीस भक्तीनें वाहतों तीच ही हराळी, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.) शिवाय तण उंसास खातें तें मुख्यतः लागणीनंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत. आडसाली लागण आषाढ-श्रावणांतली; तेव्हां आभाळ भरलेलें, आणि ढगांतून या उपग्रहास दिसत नाहीं. ढगांखालून उडणारा ड्रोन त्या वेळीं कामास येतो. सऱ्या मोकळ्या असतांना दोन ओळींमधील हिरवें तें तण, इतका सोपा निवाडा! पुढें ऊंस दाटला कीं त्यालाही खालचें दिसेनासें होतें.

म्हणून हिरव्या रंगावर वाटेकऱ्याची पाठ थोपटूं नये, आणि फिकट रंगावरून त्यास बोलही लावूं नये. नीरेच्या डाव्या कालव्याखालीं कित्येक जमिनी चोपण झाल्या आहेत. तेथें ऊंस फिकटला तर तो त्याचा आळस नव्हे. हुमणी लागली तरी रंग तसाच उतरतो. फोनवर असा कोपरा दिसला तर तेवढी जागा त्यास कळवावी, आणि तेथील एखादें बेट उकरल्यावर मुळाशीं काय आढळलें, तें त्याच्याच तोंडून ऐकावें.