मांजराचे पोट आणि आपले व्रत

जैन घरात मांजर पाळावे की नाही, हा प्रश्न आजचा नाही. ‘कार्तिकेयानुप्रेक्षा’ या ग्रंथात मांजरासारखे हिंस्र प्राणी पाळणे हा अनर्थदंडाचाच एक प्रकार मानला आहे. तरीही आज आपल्या समाजाच्या अनेक सदनिकांतून मांजरे नांदताना दिसतात. ती बहुधा हौसेने विकत आणलेली नसतात. जिन्याखाली भिजत बसलेले एखादे पिल्लू मुले उचलून आणतात आणि दयेपोटीच त्याला आसरा मिळतो. एकदा ते घरचे झाले की ‘पाळावे का’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘खायला काय द्यावे’ हा प्रश्न रोज दोन वेळा समोर उभा राहतो. त्यातून ते नाजूक पोटाचे निघाले, तर घरातील माणसांची खरी कसोटी लागते.

नात्यातील एका सूनबाईंनी गेल्या महिन्यात मला विचारले, “काका, दूधभात दिला की ओकते, पनीर दिले की पोट बिघडते. सासूबाई म्हणतात, आपल्या घरात राहायचे तर आपलेच अन्न खावे लागेल. आता मी काय करू?” हा प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून या वेळचे सदर त्यासाठी राखून ठेवले आहे.

आरंभ दुधापासून करू. मांजर आणि दूध यांची जोडी आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की त्याविषयी शंकाही येत नाही. दुधातील साखरेला लॅक्टोज म्हणतात. ती पचविणारे विकर पिल्लाच्या आतड्यात असते. पण आईचे दूध सुटल्यावर ते हळूहळू कमी होत जाते. त्यामुळे पुष्कळशा मोठ्या मांजरांना दूध बाधते. पोट फुगते, मल पातळ होतो, कधी उलटी होते. अशा मांजराचे दूध प्रथम बंद करून पाहावे. अनेकदा निम्मी तक्रार तेथेच संपते.

उरलेली निम्मी मात्र मांजराच्या देहरचनेशी निगडित आहे. कुत्रा मिश्र आहारावर जगू शकतो. मांजराची घडण तशी नाही. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला स्वतःच्या शरीरात पुरेसे तयार करता येत नाही आणि धान्य, डाळी, भाज्यांत ते जवळजवळ नसते. त्याच्या अभावी दृष्टिपटल झिजते व हृदयाचे स्नायू दुबळे होतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १९८७ साली हृदयविकार आणि टॉरिनची उणीव यांचा संबंध दाखवून दिला. तयार खाद्यातही हे द्रव्य कमी पडत होते, असे त्यातून दिसून आले. पुढे कारखानदारांनी त्याचे प्रमाण वाढविले आणि तो विकार दुर्मीळ झाला. जीवनसत्त्व ‘अ’ची गोष्टही अशीच आहे. गाजर-भोपळ्यातील रंगद्रव्यापासून आपण ते बनवितो. मांजराला ते साधत नाही. म्हणजे वरणभात, पोळी, पनीर यांवर ठेवलेले मांजर वरकरणी पोटभर जेवते, पण आतून उपाशी राहते.

येथे आपले व्रत आणि मांजराची प्रकृती समोरासमोर येतात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील एक आहे अन्नपाननिरोध. आपल्या आश्रयाला असलेल्या जिवाचे अन्नपाणी अडवून ठेवणे, हा त्याचा अर्थ. ज्या अन्नाने जीव तगत नाही तेच त्याच्यापुढे रोज ठेवणे, हाही माझ्या मते त्याच अतिचाराचा एक सौम्य दिसणारा प्रकार होय. व्रत आपण घेतले आहे, मांजराने नाही. आपल्या व्रताचे ओझे त्याच्या आतड्यांवर टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मग मार्ग कोणता? दिल्लीच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. शाकाहारी पक्ष्यांना तेथे दाखल करून घेतात. शिकारी पक्ष्यांवर उपचार करतात, परंतु त्यांना मुक्कामी ठेवत नाहीत. घारीला उपचार नाकारले नाहीत, आणि तिने दाणे खाऊन राहावे असा हट्टही धरला नाही. आपली मर्यादा स्पष्ट सांगितली आणि त्या मर्यादेत दया केली. घरानेही असाच प्रामाणिक निर्णय घ्यावा. मांसाचा अंश असलेले खाद्य घरात येणेच मान्य नसेल, तर प्रथमोपचार करून पिल्लाला योग्य घर शोधून द्यावे. तीही जीवदयाच आहे. ठेवून घ्यायचे असेल, तर त्याच्या प्रकृतीला मानवेल तेच द्यावे. ठेवायचेही आणि बदलायचेही, हा मधला मार्ग मांजराला मानवत नाही.

ज्यांनी ठेवण्याचा निर्णय घेतला आहे, त्यांना स्वयंपाकघरात मांस शिजवावे लागत नाही. बंद पाकिटातील तयार खाद्य पुरेसे असते. त्याची बशी, चमचा व साठवणीची जागा वेगळी ठेवावी आणि ही जबाबदारी घरातील एकाच व्यक्तीकडे असावी. म्हणजे ज्येष्ठांच्या भावना जपल्या जातात आणि मांजराला चार हातांनी चार तऱ्हेचे खाऊ मिळत नाहीत. नाजूक पोटाला हा दुसरा लाभ अधिक मोलाचा आहे.

पाकीट निवडताना पुढच्या बाजूचे चित्र न पाहता मागचा मजकूर वाचावा. आयुष्यभर ताळेबंद वाचण्यात गेल्यामुळे असेल, पण मला तेथे तीन नोंदी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, हा ‘संपूर्ण व संतुलित आहार’ आहे की केवळ खाऊ किंवा पूरक पदार्थ. दुसरी, तो पिल्लाचा आहे की प्रौढ मांजराचा. तिसरी, प्रथिनांचे खरे प्रमाण. ओल्या खाद्यावर ९ टक्के प्रथिने आणि कोरड्यावर ३६ टक्के लिहिलेली असली की कोरडे चौपट सकस वाटते. परंतु ओल्यात ८० टक्के पाणी असेल, तर उरलेल्या २० भागांत ९ भाग प्रथिने, म्हणजे ४५ टक्के झाली. कोरड्यात १० टक्के पाणी धरले, तर ९० भागांत ३६, म्हणजे ४० टक्के. पाणी वजा केल्याशिवाय तुलना करू नये. अमेरिकेतील ‘ॲफ्को’ या संस्थेच्या मानकानुसार प्रौढ मांजराच्या आहारात, पाणी वजा जाता, किमान २६ टक्के प्रथिने असावी लागतात.

नाजूक पोटासाठी घटकांची यादी जितकी आटोपशीर तितकी बरी. मांजरांना न मानवणाऱ्या प्रथिनांत गोमांस, मासळी आणि कोंबडी यांची नावे वारंवार येतात. म्हणून पशुवैद्य कधी मांजराने पूर्वी न खाल्लेले प्रथिन सुचवितात, तर कधी प्रथिनांचे अतिसूक्ष्म तुकडे केलेले औषधी खाद्य देतात. हे तुकडे इतके लहान असतात की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना सहसा ओळखत नाही. अशा काही खाद्यांत मूळ प्रथिन सोयाबीनचे असते, ही बाब आपल्या वाचकांना दिलासा देईल. तथापि तेवढ्यावरून ते संपूर्ण शाकाहारी समजू नये. चरबी किंवा यकृताचा अंश इतर घटकांत असू शकतो. केवळ वनस्पतिजन्य घटक व कारखान्यात बनविलेले टॉरिन यांपासून तयार केलेले खाद्यही काही देशांत मिळते. परंतु अशा आहाराने मूत्राची आम्लता कमी होण्याचा संभव असतो, त्यातून खडे होऊ शकतात आणि बोक्याचा अरुंद मूत्रमार्ग तुंबला तर जिवावर बेतते. आधीच पोट नाजूक असलेल्या मांजरावर हा प्रयोग पशुवैद्याच्या देखरेखीशिवाय करू नये.

खाद्य बदलायचे तर ते एका दिवसात बदलू नये. पहिले दोन-तीन दिवस तीन भाग जुने व एक भाग नवे, मग निम्मे-निम्मे, मग एक भाग जुने व तीन भाग नवे, अशा क्रमाने दहा दिवसांत बदल पूर्ण करावा. मध्येच मल पातळ झाला तर एक पायरी मागे यावे. नवे खाद्य मानवते आहे की नाही याचा अंदाज बहुधा दोन ते चार आठवड्यांत येतो. त्या काळात दुसरा कोणताही खाऊ देऊ नये. बिस्किटाचा तुकडाही सगळा हिशेब चुकवितो. एका वहीत तारीख, खाद्याचे वजन, उलटी, मल आणि आठवड्यातून एकदा मांजराचे वजन लिहून ठेवावे. पशुवैद्याला आपल्या वर्णनापेक्षा ही वही अधिक उपयोगी पडते. एकदम भरपूर न वाढता दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. भराभर खाऊन ओकणाऱ्या मांजराला एवढाही बदल पुरतो.

कांदा, लसूण व त्यांची पूड मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. ज्या घरांत हे जिन्नस येतच नाहीत, तेथे आपला आहारनियम मांजरालाही अनायासे तारक ठरतो.

एका बाबतीत मात्र आपली सवय त्याला मारक ठरू शकते. पोट बिघडले की लंघन करावे, हा आपला घरगुती उपाय. शिवाय उपवासाचे महत्त्व आपल्या रक्तातच आहे. मांजराला उपवास सोसत नाही. दोन-तीन दिवस अन्न पोटात गेले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साठू लागते आणि हा विकार प्राणघातक ठरू शकतो. स्थूल मांजराला त्याचा धोका अधिक. म्हणून मांजराने पूर्ण एक दिवस काही खाल्ले नाही, तर वाट न पाहता पशुवैद्याला दूरध्वनी करावा. उलटीत किंवा मलात रक्त दिसले, पिल्लाला जुलाब लागले, वजन घटू लागले किंवा बोका पुनःपुन्हा लघवीला बसूनही थेंब पडत नसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आपल्या औषधाच्या डब्यातील गोळी कदापि देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. हेही ध्यानात ठेवावे की प्रत्येक उलटीचे कारण अन्नच असते असे नाही. जंत, मूत्रपिंडाचा विकार, उतारवयातील थायरॉइडचा दोष यांची लक्षणेही अशीच दिसतात. म्हणून खाद्याची पाकिटे बदलत बसण्यापूर्वी मलाची व रक्ताची तपासणी करून घ्यावी.

त्या सूनबाईंना मी एवढेच सांगितले की सासूबाईंशी वाद घालू नका, अन्नपाननिरोधाचा अर्थ त्यांच्याजवळ बसून वाचा आणि मग दोघी मिळून ठरवा. ज्याला आपण आसरा दिला, त्याचा स्वभाव आपण घडविलेला नाही. त्याला न दुखविता सांभाळणे किंवा न दुखविता योग्य हाती सोपविणे, एवढेच आपल्या हाती आहे. जय जिनेंद्र.