आकडा उंबरठ्यावरचा

अर्थशास्त्रातल्या तर्काला संख्याशास्त्राची कसोटी लावणाऱ्या अभ्यासकांची ‘द इंडियन इकॉनॉमेट्रिक सोसायटी’ १९६० साली स्थापन झाली. तिच्या परिषदांत एकाचं गणित दुसरा तपासतो, चुका दाखवतो. पण सूत्र कितीही अचूक असलं, तरी मूळ आकडा मिळतो तुमच्या-आमच्या उंबरठ्यावर. महागाई निर्देशांकात तांदळाचा भार किती, तेलाचा किती, हे कुटुंबांच्या खर्चाच्या पाहणीवरून ठरतं आणि सरकारी नोकरांचा महागाई भत्ता त्या निर्देशांकावरून. तेव्हा वाचकहो, पाहणीवाले दारी आले, तर प्रश्न कन्नडात असो वा मराठीत, घरातल्या बाईला पुढे बोलवा. खरा हिशेब तिलाच ठाऊक असतो. खर्च लपवू नका, फुगवूही नका. पिठातच कच असेल, तर भाकरी थापणाऱ्या हाताला दोष देऊन काय उपयोग?